सेल संपतो म्हणजे नेमकं काय संपतं?

टॉर्चचा उजेड पिवळट व्हायला लागला की आपण म्हणतो, सेल उतरले. म्हणजे काय झालं, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर तयार असतं: सेलमध्ये वीज भरलेली होती, ती तारेतून बल्बकडे गेली, बल्बने ती वापरली आणि आता ती संपली. शाळेत ‘धाराविद्युत’चा धडा शिकलेली, ओहमच्या नियमावरची उदाहरणं न चुकता सोडवणारी मुलंसुद्धा हेच सांगतात. त्यात त्यांचा दोष नाही. आपण सूत्र आधी हातात देतो आणि तारेच्या आत काय चाललंय ते सांगायचं राहून जातं. या उत्तरातली एकही गोष्ट खरी नाही. सेलमध्ये वीज भरलेली नसते, ती सेलकडून निघून बल्बकडे पोचत नाही आणि बल्ब विद्युतधारा खाऊन टाकत नाही. एवढं नीट कळलं की एकसर जोडणी, समांतर जोडणी, फ्यूज, शॉर्ट सर्किट हे सगळं पाठ करावं लागत नाही, ते आपोआप उमगतं.

दोन मोठ्या सेलचा जुना पत्र्याचा टॉर्च घरात कुठे पडला असेल तर तो उघडून बघा. मागचं झाकण फिरवून काढलं की त्यात एक स्प्रिंग दिसते. ती मागच्या सेलच्या सपाट बुडावर, म्हणजे ऋण टोकावर, दाबून बसते. त्या सेलचं पुढचं टोपण पुढच्या सेलच्या बुडाला चिकटतं. पुढच्या सेलचं टोपण बल्बच्या खालच्या डाखाच्या ठिपक्याला टेकतं. बल्बच्या आतल्या तारेचं एक टोक त्या ठिपक्याला जोडलेलं असतं आणि दुसरं त्याच्या आट्यांच्या कडेला. ती कड एका धातूच्या कड्यात बसते, कड्यापासून बटणाच्या पट्टीकडे, पट्टीपासून टॉर्चच्या पत्र्याकडे, पत्र्यावरून मागच्या झाकणाकडे आणि झाकणातून पुन्हा स्प्रिंगकडे. बोट फिरवत गेलात तर जिथून निघालात तिथेच परत येता. हा परिपथ. बटण बंद केलं की पट्टी जराशी उचलली जाते, फट जेमतेम मिलिमीटरभराची, आणि सगळीकडची धारा एकाच वेळी थांबते. फटीच्या अलीकडची चालू आणि पलीकडची बंद, असं कधी होत नाही. हे असं का होतं, ते कळायला धातूच्या आत डोकवावं लागतं.

तांब्याच्या प्रत्येक अणूचा एक इलेक्ट्रॉन त्या अणूला बांधलेला राहत नाही. तो सगळ्या तुकड्यात मोकळा हिंडतो. अब्ज म्हणजे शंभर कोटी. अशा ८५ अब्जांना आणखी एका अब्जाने गुणलं तर येईल तितके मोकळे इलेक्ट्रॉन तांब्याच्या एका घन मिलिमीटरमध्ये असतात. तार दुकानात गुंडाळून टांगलेली असो की भिंतीत बसवलेली असो, ते तिच्यात आहेतच. तार रिकामी नळी नव्हे आणि सेल तिच्यात काही ओतत नाही. बल्बच्या तारेतही इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे बटण दाबल्यावर उजेड देणारे इलेक्ट्रॉन बल्बच्या आत आधीपासूनच असतात. सेलमधून कोणी तिथवर यायची वाट बघावी लागत नाही.

हे मोकळे इलेक्ट्रॉन स्वस्थ बसलेले नसतात. तांब्यात त्यांचा वेग सेकंदाला सुमारे दीड हजार किलोमीटर असतो. पण जितके डावीकडे पळतात तितकेच उजवीकडे, म्हणून गोळाबेरीज शून्य आणि विद्युतधाराही शून्य. सेल जोडला की या धावपळीत एक अगदी हलका कल येतो आणि सगळा जमाव एका बाजूला सरकू लागतो. त्या सरकण्याला आपण विद्युतधारा म्हणतो. तारेच्या एखाद्या ठिकाणाहून दर सेकंदाला ६.२४ अब्ज गुणिले अब्ज इलेक्ट्रॉन पलीकडे गेले तर ती एक अँपिअर धारा. टॉर्चच्या बल्बमधून ०.३ अँपिअरच्या आसपास धारा जाते.

हा सरकण्याचा वेग किती असेल? एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून ०.३ अँपिअर धारा जात असेल तर इलेक्ट्रॉनांचा जमाव तासाला साधारण ८ सेंटिमीटर पुढे जातो. मुंगी याहून कितीतरी वेगाने चालते. हा आकडा ऐकून मुलं थबकतात आणि थबकायलाच हवं, कारण इथेच जुनं चित्र मोडतं. घरच्या विजेत तर एवढंही अंतर काटलं जात नाही. तिथे धारा सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते आणि तारेतला इलेक्ट्रॉनांचा जमाव आपल्या जागेभोवती मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरात हेलकावत राहतो. कोयनेच्या वीजघरातला इलेक्ट्रॉन पुण्यातल्या पंख्यापर्यंत कधीही येत नाही.

मग बटण दाबताच उजेड कसा पडतो? सायकलची साखळी डोळ्यांपुढे आणा. पायडल मारलं की मागचं चाक लगेच फिरतं. पुढच्या दात्यावरची कडी मागच्या चाकापर्यंत पोचायची वाट चाक बघत नाही, कारण साखळी सगळीकडे आधीच आहे आणि सगळी एकदम सरकते. साखळी सावकाश फिरत असली तरी पायाचा जोर चाकापर्यंत तत्काळ जातो. शिवाय चाक साखळी खात नाही. जितक्या कड्या चाकाकडे जातात, तितक्याच परत येतात. खर्च होतो तो चालवणाऱ्याचा दम.

तारेत साखळीच्या कड्यांसारखे इलेक्ट्रॉन एकमेकांत अडकलेले नसतात, तरी ते एकदम कसे सरकतात, हा पुढचा प्रश्न रास्त आहे. बटण दाबल्याच्या क्षणी फटीच्या दोन्ही बाजूंना असलेला प्रभारांचा फरक मिटतो आणि तारेच्या पृष्ठभागावर थोडे प्रभार इकडचे तिकडे होतात. कुठे इलेक्ट्रॉन किंचित जास्त, कुठे किंचित कमी. ही फेरमांडणी जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पसरते. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर जातो, तेव्हा टॉर्चएवढ्या परिपथात हे काम काही अब्जांश सेकंदांत उरकतं. त्यानंतर तारेच्या आत सगळीकडे, वळणावळणावर, एक विद्युत क्षेत्र तयार असतं आणि प्रत्येक इलेक्ट्रॉनला त्याच्या जागीच ढकलत असतं. बल्बच्या बारीक तारेच्या दोन टोकांशी हे प्रभार असे जमतात की तिथलं क्षेत्र जास्त तीव्र होतं. बारीक वाटेतूनही तितकेच इलेक्ट्रॉन गेले पाहिजेत, म्हणून तिथे ते कितीतरी पट जलद सरकतात.

तितकेच गेले पाहिजेत, हा यातला कणा आहे. समजा बल्बमध्ये शिरणारे इलेक्ट्रॉन बाहेर पडणाऱ्यांपेक्षा जास्त असते, तर बल्बमध्ये ते साठत गेले असते. पण इलेक्ट्रॉन एकमेकांना इतक्या जोराने दूर ढकलतात की थोडासाही साठा झाला तरी तो मागून येणाऱ्यांना अडवतो आणि पुढच्यांना हाकलतो, आणि निमिषार्धात हिशेब पुन्हा जुळतो. म्हणून एकाच वाटेच्या परिपथात बल्बच्या आधी अँपिअरमापी लावा की नंतर, आकडा तोच येतो. मुलांना हे सांगण्यापेक्षा मीटर त्यांच्याच हातात द्यावा आणि जागा बदलून बघू द्यावं.

याहून सोपी कसोटीही आहे. सारखेच दोन बल्ब एकापुढे एक जोडायचे आणि सेल लावण्याआधी विचारायचं, जास्त कोणता पेटेल? ‘पहिला’ असं उत्तर बऱ्याचदा येतं, कारण पहिल्याने आपला वाटा काढून घेतला की दुसऱ्याला कमी उरेल, असं वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही सारखेच मंद पेटतात. सेल उलटा लावून ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ यांची अदलाबदल केली तरी काही फरक पडत नाही.

धारा खर्च होत नाही, तर मग खर्च होते काय? ऊर्जा. दीड व्होल्टचा सेल म्हणजे एक कूलोम प्रभार (एक अँपिअर धारेत सेकंदभरात जातो तेवढा) परिपथातून एक फेरी मारतो तेव्हा त्याला दीड ज्यूल ऊर्जा देणारा सेल. बल्बच्या टंगस्टनच्या तारेतून सरकताना इलेक्ट्रॉन तिथल्या थरथरणाऱ्या अणूंवर सतत आदळतात. क्षेत्राकडून मिळालेली ऊर्जा ते अणूंच्या हवाली करतात, तार दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि उजेड देते. इलेक्ट्रॉन मात्र जसेच्या तसे पुढे निघतात.

ही ऊर्जा येते कुठून, ते सेलच्या पोटात बघायला मिळतं. रेडिओत आणि टॉर्चमध्ये घालतात तो साधा सेल बाहेरून रंगीत कागदाचा किंवा पत्र्याचा दिसतो, पण त्या आवरणाखालचा डबा जस्ताचा असतो. मधोमध कार्बनची काळी कांडी. पूर्वी गावोगाव मुलं ती काढून भिंतींवर रेघोट्या मारायची. कांडीभोवती ठासलेली काळी भुकटी म्हणजे मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बनचं मिश्रण. त्यात आणि डब्यात ओलसर लगदा, नवसागराचा किंवा झिंक क्लोराइडचा. नवसागर म्हणजे कल्हईवाला तापलेल्या भांड्यात टाकतो तोच. (हे वाचून कुठलाही सेल कापायला घेऊ नका. अल्कलाइन आणि लिथियमच्या सेलच्या बाबतीत तर अजिबात नको.)

जस्ताचा अणू या लगद्यात उतरताना दोन इलेक्ट्रॉन डब्यावरच सोडून जातो. त्यामुळे डब्यावर इलेक्ट्रॉन जास्त होतात. तिकडे मँगनीज डायऑक्साइडला इलेक्ट्रॉन हवे असतात, ते तो कांडीकडून घेतो, म्हणून कांडीवर इलेक्ट्रॉनांची तूट पडते. पण बाहेरची वाट बंद असेल तर हा खेळ लवकरच थांबतो. डब्यावर साठलेले इलेक्ट्रॉन आणखी इलेक्ट्रॉन तिथे जमू देत नाहीत. दोन टोकांतला फरक दीड व्होल्टच्या आसपास पोचला की रसायनाचा रेटा आणि साठलेल्या प्रभाराचा विरोध बरोबरीत येतात. बटण दाबलं की डब्यावरचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या वाटेने कांडीकडे सरकू लागतात, विरोध सैल पडतो आणि जस्ताचे पुढचे अणू विरघळायला मोकळे होतात. म्हणजे बल्बची तारच जस्ताला किती वेगाने विरघळायचं ते ठरवते. मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. सेलच्या आत, लगद्यातून, इलेक्ट्रॉन नव्हे तर आयन, म्हणजे प्रभार असलेले अणू किंवा अणूंचे गट, प्रवास करतात आणि परिपथ आतूनही पूर्ण होतो.

टॉर्च ०.३ अँपिअरवर तासभर चालला तर प्रत्येक सेलमधलं सुमारे ०.३७ ग्रॅम जस्त विरघळतं. संपतं ते हे: धातूच्या रूपातलं जस्त आणि त्याचे इलेक्ट्रॉन स्वीकारायला तयार असलेलं मँगनीज डायऑक्साइड. इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या शेवटच्या मिनिटालाही पहिल्या मिनिटाइतकीच असते.

हे कोडं सोडवायला माणसाला बराच वेळ लागला. इटलीत बोलोन्याच्या गॅल्व्हानीने दोन धातूंच्या स्पर्शाने मेलेल्या बेडकाचा पाय झटका देतो हे पाहिलं आणि वीज प्राण्याच्या शरीरात असते असं मानलं. पाविआ विद्यापीठातल्या व्होल्टाला ते पटलं नाही. त्याने बेडूक वगळला आणि चांदी, जस्त व मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा अशा चकत्या एकावर एक रचल्या. २० मार्च १८०० या तारखेच्या पत्रात त्याने ही रचना लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना कळवली. तोवर घर्षणाच्या यंत्रांमधून ठिणगी मिळायची, ती क्षणात विझायची. वाहत राहणारी धारा या रचनेतून पहिल्यांदा हाती आली. मात्र दोन धातूंचा नुसता स्पर्शच प्रभाराला ढकलत राहतो, असं व्होल्टाला वाटत होतं. त्या ढकलण्याची किंमत जस्त मोजतं, ही समज पुढच्या लोकांच्या कामातून आली.

दिशेचा घोळही जुनाच. धन आणि ऋण ही नावं अठराव्या शतकात फ्रँकलिनने दिली, तेव्हा इलेक्ट्रॉन कोणाला माहीत नव्हता. धारा धनाकडून ऋणाकडे जाते असा संकेत पडला. १८९७ साली जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला आणि तो ऋण प्रभाराचा निघाला, म्हणजे तारेत तो नेमका उलट्या दिशेने सरकतो. पुस्तकातल्या बाणांनी गोंधळून जाऊ नका. गणितासाठी दोन्ही सारखंच.

आता किती धारा वाहील ते कोण ठरवतं? सेल एकटा नाही. सेल दोन टोकांतला फरक जवळजवळ कायम राखतो, धारा किती ते वाट ठरवते. जर्मनीतल्या कोलोनमध्ये शिकवणाऱ्या गेओर्ग ओहमने हे संबंध मोजले आणि १८२७ साली ग्रंथरूपाने मांडले. त्याची एक अडचण आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. त्या काळचे रासायनिक घट वापरता वापरता मंदावत, त्यामुळे मापनं स्थिर येईनात. शेवटी त्याने घट बाजूला ठेवून बिस्मथ आणि तांब्याचा सांधा एका बाजूने तापवून धारा मिळवली, तेव्हा आकडे जुळले.

एकापुढे एक, म्हणजे एकसर, दोन बल्ब लावले की वाट खडतर होते, धारा कमी होते आणि दोन्ही मंदावतात. बल्बची तार थंड असताना तिचा रोध, म्हणजे धारेला होणारा अडथळा, कमी असतो, त्यामुळे धारा बरोब्बर निम्मी न होता निम्म्याहून थोडी जास्त राहते. दिवाळीच्या जुन्या माळेत असे बल्ब रांगेने असायचे. एकाची तार तुटली की आख्खी रांग अंधारात. उलट दोन बल्ब शेजारी शेजारी, प्रत्येकाची वाट वेगळी, असे समांतर जोडले तर दोन्ही जवळजवळ पूर्ण तेजाने पेटतात, सेलमधून दुप्पट धारा निघते आणि जस्तही दुप्पट वेगाने जातं. घरातली उपकरणं अशीच जोडलेली असतात, म्हणून पंखा बंद केला तरी फ्रिज चालू राहतो आणि म्हणूनच एकेक उपकरण वाढेल तशी मुख्य तारेतली धारा वाढत जाते.

वाट फारच सोपी झाली, म्हणजे शॉर्ट सर्किट झालं तर? तांब्याच्या एक चौरस मिलिमीटर जाडीच्या मीटरभर तारेचा रोध ०.०१७ ओहम (हे रोधाचं एकक) असतो. दीड व्होल्टला त्याने भागलं तर ८८ अँपिअर येतात. साध्या सेलची दोन टोकं अशी जोडली तरी इतकी धारा कधीच निघत नाही, जेमतेम काही अँपिअर निघते. कारण लगद्यातून आयनांना वाट काढावी लागते, ती वाटही अडथळ्याची असते. याला सेलचा अंतर्गत रोध म्हणतात. अशा वेळी तार फारशी तापत नाही, सेल आतून तापतो. लिथियमच्या बॅटरीचा अंतर्गत रोध फार कमी असतो, त्यामुळे तिची टोकं जोडली गेली तर धारा आणि उष्णता दोन्ही आवाक्याबाहेर जातात. किल्ल्यांच्या जुडग्यासोबत असली सुटी बॅटरी खिशात ठेवणं धोक्याचं आहे.

टॉर्चचे आठ सेल रांगेत लावले की १२ व्होल्ट होतात. गाडीची बॅटरीही १२ व्होल्टचीच. पण आठ सेलवर गाडी सुरू होत नाही. स्टार्टरला शंभराहून जास्त अँपिअर लागतात, आणि तेवढी धारा ओढू गेलात तर आठ सेलचे सगळे व्होल्ट त्यांच्याच आत खर्ची पडतात.

सेल उतरतो तेव्हा नेमका हाच अंतर्गत रोध वाढतो. जस्ताच्या पृष्ठभागावर क्रियेतून तयार झालेले पदार्थ साचतात, लगद्यातलं पाणी कमी होतं, ताजं मँगनीज डायऑक्साइड दूर राहतं. म्हणून उतरलेल्या सेलला नुसता मल्टीमीटर लावला तर तो १.३ व्होल्टही दाखवतो आणि माणूस चक्रावतो. मल्टीमीटर जवळजवळ धारा ओढतच नाही, त्यामुळे आतला अडथळा उघड होत नाही. बल्ब जोडलेला असताना मोजलं की खरा आकडा दिसतो. खेळण्यातल्या गाडीला नकोसा झालेला पेन्सिल सेल भिंतीवरच्या घड्याळात महिनोन्‌महिने चालतो, तो यामुळेच: घड्याळाला लागणारी धारा इतकी कमी असते की वाढलेला रोध तिला फारसा आडवा येत नाही.

उतरलेले सेल उन्हात ठेवायची आपल्याकडची जुनी सवयही इथे उलगडते. विश्रांती मिळाली की साचलेले पदार्थ लगद्यात हळूहळू पांगतात, आणि उबेने हे पांगणं जलद होतं. रोध थोडा उतरतो, बल्ब थोडा वेळ बरा पेटतो. विरघळलेलं जस्त काही परत येत नाही. शिवाय जस्त म्हणजे सेलचा डबाच, तो झिजून पातळ होतो, कुठेतरी भोक पडतं आणि लगदा बाहेर येतो. रिमोटच्या स्प्रिंगवर जमलेली खरड ही त्याचीच.

म्हणून एक जुना आणि एक नवा सेल जोडीने घालू नये. दोघे रांगेत आहेत, त्यामुळे नव्यातून जाते तेवढीच धारा जुन्यातून जावी लागते, त्याच्यात ती द्यायला रसायन उरलेलं नसलं तरी. नवा सेल ती धारा जुन्यातून जबरदस्तीने ढकलतो, प्रसंगी जुन्याची टोकं उलटी होतात, आत वायू धरतो आणि तो गळायला लागतो. सेल बदलायचे तर एकाच वेळी सगळे, एकाच प्रकारचे बदला, आणि टॉर्च महिनोन्‌महिने वापरायचा नसेल तर सेल बाहेर काढून ठेवा.